एका घराचे एकच औषध

शहाड स्थानकातून बाहेर पडून कल्याण-मुरबाड रस्त्याला लागले की राहत्या इमारतींच्या तळमजल्यावर, कधी तर जिन्याच्या तोंडाशी, लहान लहान पाट्या दिसू लागतात. ॲक्युप्रेशर, पंचकर्म, कपिंग, रेकी. पुढे म्हारळ, वरप, कांब्याकडे जिथे गावठाण, चाळी आणि बंगले एकमेकांत मिसळतात, तिथेही हेच चित्र. पुढची खोली उपचाराची, मागच्या दोन खोल्यांत संसार. या व्यवसायाबद्दल आपल्याकडे दोन ठरलेले सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली फॅशन आहे, शहरी ताणतणावावर पोसलेली. दुसरा म्हणतो, ही तर आपली हजारो वर्षांची परंपरा. इतिहास पाहिला तर दोन्ही सूर बेसूर वाटतात. घरातून उपचार करणे या पट्ट्यात खरोखरच जुने आहे. पण त्या जुन्या व्यवहाराचा कणा होता मर्यादा. एका घराकडे एकच औषध असे, आणि ते कुठे चालत नाही हे त्या घराला आणि गावालाही ठाऊक असे. ही मर्यादा कशी निर्माण झाली, कुणी आणि कशी मोडली, आणि तिच्या जागी आपण काय आणले, हा या लेखाचा विषय आहे.

मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३मध्ये सुरू झाला, पुढच्या वर्षी कल्याणला पोचला आणि १८५५मध्ये शहाडच्या शिवारातून वासिंदपर्यंत गेला. रूळ आले म्हणून दवाखाने आले नाहीत. उल्हास नदीकाठचे शहाड, पलीकडचे मोहने, मुरबाड रस्त्यावरची म्हारळ, रायते, गोवेली ही भातशेतीची आणि आगरी, कोळी, कुणबी वस्तीची गावे. मुरबाडपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या. सरकारी दवाखाना म्हणजे तालुक्याचे किंवा पेठेचे गाव, आणि पावसाळ्यात उल्हास आणि काळू फुगल्या की तिथवर जाणेच खुंटे. अशा मुलखात औषध मिळे ते कुणाच्या तरी घरी. पण ‘कुणाच्या तरी’ म्हणजे कुणाच्याही नव्हे. काविळीचे औषध एका गावातल्या एका घरी, मूळव्याधीचे दुसरीकडे, विंचवाचा उतार तिसरीकडे, हाड बसवणारा चौथ्या गावात. ठरलेला वार, बहुधा रविवार किंवा बुधवार. सकाळी अनशापोटी यायचे. पैसे घ्यायचे नाहीत, नारळ-सुपारी ठेवायची, फार तर शिधा. औषधाची मुळी कुठली ते सांगायचे नाही. सांगायचे ते घरातल्या एकाच मुलाला किंवा सुनेला, आणि तेही बऱ्याचदा म्हातारपणी. महाराष्ट्रात जवळपास सगळीकडे हीच रीत होती, आणि काही गावांत ती आजही चालू आहे.

हाडवैद्याचे काम जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात ही मर्यादा हाताला लागते. माणूस पडला, मनगट सुजले, की हाडवैद्य आधी बोटांनी चाचपून बघे: नुसता मुरगळा आहे, सांधा निखळला आहे की हाड मोडले आहे. मुरगळ्याला आंबेहळद, रक्तबोळ आणि मैदालकडी उगाळून गरम लेप. हा लेप आजही कल्याणच्या कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात सांगितल्यावर बांधून मिळतो. निखळलेला सांधा एका झटक्यात बसवायचा. मोडलेले हाड सरळ करून भोवती कांडवेलीचा ठेचा, वर जुनेराची पट्टी, त्यावर बांबूच्या कामट्या आणि पुन्हा पट्टी. काही दिवसांनी सोडून बघायचे, सूज उतरली असेल त्या मानाने पुन्हा आवळायचे. यात ज्ञान होते, पण त्याहून अधिक सराव होता: एकच गोष्ट शेकडो वेळा केलेल्या हाताचा सराव. या माणसाला ताप, खोकला, जुलाब यांचे औषध विचारले तर तो सरळ दुसऱ्या घराचा पत्ता देई. त्याचे पोट औषधावर नव्हते, शेतीवर होते. त्यामुळे रोगी वाढवण्याची त्याला गरज नव्हती. आणि ज्याचा हात वाकडा बसला तो माणूस पुढची तीस वर्षे त्याच वाटेने, त्याच वाकड्या हाताने, त्याच्या अंगणावरून जाणार होता. गावाची आठवण हीच त्याची नोंदवही होती.

इथे कुणीही शहाणा वाचक थांबवेल आणि म्हणेल, हे चित्र फार गोड झाले. बरोबर आहे. काविळीचेच घ्या. ‘कावीळ उतरवणारा’ रोग्याच्या हातांना आंब्याच्या सालीचा रस चोळतो, मग हात चुन्याच्या निवळीत धुवायला लावतो. पाणी पिवळे होते, आणि रोग्याला वाटते कावीळ उतरली. निरोग्याचे हात धुतले तरी पाणी तितकेच पिवळे होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे गावोगाव करून दाखवले आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून औषधाला यश मिळते. पण तिच्यातली हिपॅटायटीस ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत झाली तर पाचात एक बाई दगावू शकते. हाडवैद्याची पट्टी फार आवळली गेली की रक्तपुरवठा तुटून बोटे काळी पडतात आणि शेवटी हात कापावा लागतो. अस्थिरोगतज्ज्ञांना हे प्रकार अपरिचित नाहीत. शिवाय गावाची आठवण जे जगले त्यांचीच असते, मेलेल्यांची तक्रार कोण करणार? फुकट औषधाच्या गोडव्याबद्दलही असेच. पाटलाच्या घरचे औषध फुकट होते, कारण त्याच्या मोबदल्यात मान मिळत होता. सुईण मात्र बहुधा दलित किंवा गरीब घरची बाई. तिला लुगडे-चोळी, पायलीभर धान्य आणि वर विटाळाचा शिक्का. तेव्हा जुन्या घरगुती वैद्यकाला निर्मळ मानण्याचे कारण नाही.

हे सगळे मान्य करूनही मूळ मुद्दा शिल्लक राहतो, कारण तो गुणाचा नाही, व्याप्तीचा आहे. औषध खरे होते की खोटे, हा प्रश्न प्रत्येक औषधाबाबत वेगळा सोडवावा लागेल. पण चुकीचे औषधही जेव्हा एका रोगापुरते, एका वारापुरते आणि दोन-चार कोसांपुरते असते, तेव्हा त्याच्या नुकसानीलाही कुंपण असते. कुंपणाआड चांगले ज्ञानही कोंडले जाते, ही त्याची दुसरी बाजू. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या सुरुवातीच्या पदवीधरांपैकी, मुंबईतले नामांकित डॉक्टर आणि पुराविद्येचे अभ्यासक. त्यांनी कुष्ठरोगावर कडूकवठाच्या तेलाचा प्रयोग केला, रोग्यांना गुण येतो असे त्यांना दिसले, आणि तरी उपचाराचा तपशील त्यांनी बराच काळ गुप्त ठेवला. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. १८७४मध्ये ते वारले. पुढे याच जातीच्या झाडांच्या बियांचे तेल, चौलमुग्रा या नावाने, १९४०च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले. म्हणजे विलायती शिक्षण घेतलेला माणूसही गुप्ततेच्या बाबतीत गावच्या औषधवाल्यासारखाच वागला. मर्यादा आणि गुप्तता एकाच घरात नांदत होत्या, पण त्या एक नव्हत्या. मर्यादा रोग्याचे रक्षण करी, गुप्तता घराण्याचे. पुढे जे झाले त्यात गुप्तता मोडली हे चांगलेच झाले, पण तिच्यासोबत मर्यादाही गेली.

ती मोडायला सुरुवात केली छापखान्याने आणि बाटलीने. पनवेलला, तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेल्या, कृष्णशास्त्री पुराणिक या वैद्यांनी १८७२मध्ये औषधे तयार करून विकण्याचा व्यवसाय सुरू केला. तोच पुढे श्रीधूतपापेश्वर या नावाने देशभर गेला. वैद्याच्या घरात त्या रोग्यासाठी खलात घोटली जाणारी मात्रा आता आधीच घोटून, बाटलीत भरून, आगगाडीने नाशिकला किंवा नागपूरला जाऊ लागली. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘आर्यभिषक्’ आणि ‘वनौषधिगुणादर्श’ यांसारख्या ग्रंथांतून वनस्पती आणि त्यांचे उपयोग सामान्य वाचकाच्या हाती दिले. १९०७मध्ये नाशिकला देशभरच्या वैद्यांचे संमेलन त्यांच्याच पुढाकाराने भरले आणि दुसरे पनवेलला झाले. या माणसांचे उपकार मोठे आहेत. ज्या ज्ञानावर चार घरांचा कब्जा होता ते त्यांनी अक्षरओळख असलेल्या प्रत्येक घरात नेले. पण पुस्तकातल्या एका वनस्पतीखाली वीस रोग येतात. ज्याच्या हातात पुस्तक, तो वीसही रोगांचा वैद्य. आणि बाटलीवरच्या चिठ्ठीला समोरचा रोगी दिसत नाही, त्यामुळे ‘तुझ्या दुखण्याला हे नाही, तू दुसरीकडे जा’ असे ती कधीच म्हणत नाही. ही घराकडून कारखान्याकडची वाट पुढेही चालू राहिली. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२मध्ये परळच्या राहत्या घरातून सुरू केलेल्या विको कंपनीचा कारखाना डोंबिवलीत आला, आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय आज डोंबिवलीकरांना कंपनीइतकेच परिचित आहे. कारखान्यात गेलेल्या औषधाला परवाना, तपासणी, कर असे नियम लागू झाले. अडचण त्यांची नव्हती. अडचण होती ती घरातच राहून कारखान्यासारखे दावे करू लागलेल्यांची.

कायदा या प्रश्नाकडे आला तो वेगळ्या दाराने. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर आरोग्यमंत्री असताना १९३८मध्ये मुंबई प्रांताने वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा केला. परीक्षा दिलेल्यांसाठी नोंदवही, आणि आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी वेगळी यादी अशी त्याची योजना होती. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ने घेतली. होमिओपॅथीसाठी १९५९चा स्वतंत्र कायदा झाला. या सगळ्या कायद्यांचा प्रश्न एकच: हा माणूस कोण? नोंदलेला की बिननोंदलेला? नोंदलेला असेल तर त्याने काय करावे आणि कुठे थांबावे, याबद्दल नोंदवहीला फारसे म्हणायचे नव्हते. आणि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध दिले जात होते, त्यांना या नोंदवहीत रकानाच नव्हता. त्यांनी एक तर ‘वैद्य’ म्हणून सगळ्या रोगांचा दावा करायचा, नाही तर बेकायदा ठरायचे. मर्यादित माणसाला कायद्याने जागा ठेवली नाही, हे मला त्या कायद्यांचे सर्वांत मोठे अपयश वाटते.

पण मग नोंदणी नकोच होती का? शहाडच्याच इतिहासात याचे उत्तर आहे, आणि ते नोंदणीच्या बाजूचे आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी होती. फाळणीनंतर याच छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर झाले. शहाड स्थानक तिच्या उत्तर टोकाला. ज्या पट्ट्यात सगळे सगळ्यांना ओळखत होते, तिथे दोन-तीन वर्षांत लाखाच्या घरात नवखी माणसे आली. निर्वासितांत हकीमही असणार, हाड बसवणारेही, दाया तर नक्कीच. त्यांचा हात चांगला असेल किंवा नसेल, पण त्याची ग्वाही देणारे गाव सिंधमध्ये मागे राहिले होते, आणि शेजारच्या बराकीतला माणूस हैदराबाद-सिंधचा की शिकारपूरचा हेही ठाऊक नाही. अशा ठिकाणी शेजाऱ्याची आठवण हमी म्हणून चालत नाही, कागदच लागतो. पाटी, प्रमाणपत्र, नोंदणी क्रमांक या गोष्टी परक्यांच्या वस्तीत गरजेतून येतात. त्यामुळे गावाकडची जुनी विश्वासाची पद्धत आज परत आणू म्हणणारे लोक ज्या गावाबद्दल बोलतात, ते गाव शहाडला पाऊण शतकापूर्वीच संपले.

मग कारखाने आले. मोहन्याला नॅशनल रेयॉन आणि शहाडला सेंच्युरी रेयॉन. १९५०च्या दशकात या दोन कारखान्यांनी नदीकाठच्या शेतकऱ्याला पाळीचा कामगार केला. घरगुती उपचारावर याचा परिणाम डॉक्टरांच्या संख्येमुळे झाला, त्याहून जास्त एका कागदामुळे झाला असे माझे मत आहे. कामगार राज्य विमा कायदा १९४८चा. त्याखाली आजारपणाचा भत्ता हवा तर विमा योजनेच्या डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. पाय मुरगळला तर घरी आंबेहळदीचा लेप लावता येतो, हाडवैद्याकडून चोळूनही घेता येते. पण हाडवैद्य रजा देऊ शकत नाही. कामगाराने साहजिकच दोन्ही केले. सकाळी पॅनेलच्या डॉक्टरकडे रांग लावून कागद आणि गोळ्या, संध्याकाळी लेप. आज ज्याला आपण पूरक उपचार म्हणतो, त्याची या भागातली खरी जन्मवेळ हीच. तोवर घरचे औषध हे मुख्य औषध होते. आता ते दुसऱ्या कशाच्या तरी बाजूला उभे राहिले. दुसरे असे की कारखान्याने दुखणीही नवी आणली. रेयॉनसाठी व्हिस्कोस तयार करताना कार्बन डायसल्फाइड लागते, आणि त्याच्याशी दीर्घकाळ जास्त प्रमाणात संपर्क आला तर मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, हे वैद्यकाला जुने माहीत आहे. भाताच्या खाचरात वाढलेल्या ज्ञानात मुंग्या म्हणजे वात. वातावर तेल. तेलाने अपाय नाही, पण मुंग्यांचे कारण हवेत असेल तर तेल चोळण्यात गेलेला प्रत्येक महिना वाया. घरगुती औषध आपल्या मुलखाच्या ओळखीच्या दुखण्यांपुरतेच खरे असते, ही मर्यादेची आणखी एक बाजू.

या सगळ्यांतून सर्वांत शहाणपणाने वाट काढली ती सुईणीने, आणि इतिहासकारांनी तिच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. सरकारने तिला दाई प्रशिक्षण दिले, निर्जंतुक पाते आणि दोऱ्याची पिशवी दिली. मग २००५पासून जननी सुरक्षा योजनेने बाळंतपण रुग्णालयातच व्हावे असा आग्रह धरला. तिच्या कामातला जिवावरचा भाग, नाळ कापणे आणि आडलेली बाई सोडवणे, रुग्णालयात गेला. तो जायलाच हवा होता. पण बाळ-बाळंतिणीची मालीश, शेक, ओवा-शेपाची धुरी, पोटाला पट्टा बांधणे, अंगावर पाजणाऱ्या बाईच्या कुरबुरी ऐकणे हा भाग तिच्याकडेच राहिला, आणि तो कल्याण-डोंबिवलीच्या सातव्या मजल्यावरही गेला. आज मालीशवाली बाई सकाळी तीन-चार घरे करते, ठरलेला दर घेते, आणि बाळाला ताप दिसला तर ‘आज चोळत नाही, डॉक्टरला दाखवा’ म्हणते. धुरीबद्दल बालरोगतज्ज्ञांचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. बंद खोलीतला धूर बाळाच्या फुप्फुसाला चांगला नाही. पण एकूण पाहता पूरक उपचाराचे या पट्ट्यातले सर्वांत टिकाऊ उदाहरण हेच आहे, आणि ते टिकले ते तिने आपला पसारा कमी केला म्हणून. फुकटाचा मान सोडून रोख मजुरी घेतल्याने तिचे काम काही भ्रष्ट झाले नाही. पैसे आले की सेवाभाव गेला, असे म्हणणाऱ्यांनी तिला पायलीभर धान्यावर राबताना पाहिलेले नसते.

मर्यादा ठरवून, विचारपूर्वक आखण्याचा एक मोठा प्रयोगही महाराष्ट्रातच झाला. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राशी महात्मा गांधींचे नाते होते. गरिबांचे निसर्गोपचार केंद्र शहरात चालू शकत नाही, असे ठरवून ते मार्च १९४६मध्ये उरुळी कांचनला गेले, तिथे आठवडाभर राहिले, रोगी तपासले, आणि मणिभाई देसाईंवर काम सोपवून निघाले. माती, पाणी, ऊन, हवा, आहार आणि रामनाम. खेड्यात जे मिळते तेवढ्यावरच उपचार, ही त्यांची चौकट. उपचारकाने रोग्याला पुन्हा आपल्याकडे यावे लागू नये असे शिकवावे, हा त्यातला सर्वांत अवघड भाग, कारण तो व्यवसायाच्या मुळावरच येतो. पुढे उरुळीचा आश्रम निवासी संस्था म्हणून वाढला, मणिभाईंचे लक्ष गोपालन, शेती आणि भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशनकडे गेले. खेड्यातल्या घराघरात निसर्गोपचार, हे स्वप्न मात्र संस्थेच्या आवाराबाहेर फारसे गेले नाही. रामनामाने रोग बरा होतो हे मला पटत नाही. पण उपचारकाने स्वतःवर आखून घेतलेली चौकट म्हणून उरुळीचा तो आठवडा अभ्यासण्यासारखा आहे.

शहाडच्या अधिक जवळचा प्रयत्न कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कशेळ्याचा. १९७८मध्ये आल्मा आटाच्या जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत पारंपरिक उपचारकांनाही जागा असू शकते हे मान्य केले. १९८०च्या दशकात कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने कर्जतच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या औषधी वनस्पती आणि त्या वापरणारी माणसे यांच्यावर काम सुरू केले. तिथल्या कामातून पुढे आलेले दर्शन शंकर यांनी १९९३मध्ये बंगळुरूला लोकस्वास्थ्य परंपरांसाठी संस्था उभी केली. या संस्थेच्या सहभागाने भारतीय गुणवत्ता परिषदेने गावातल्या उपचारकांसाठी ऐच्छिक प्रमाणनाची योजना आणली. तिची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: तिथे ‘वैद्य’ असे सरसकट प्रमाणपत्र नाही. हाडे बसवणे, कावीळ, संधिवात, बाळंतपण अशी कामे वेगवेगळी धरली आहेत, आणि ज्याला जे येते त्याचीच परीक्षा. १९३८च्या नोंदवहीत जो रकाना नव्हता तो इतक्या वर्षांनी एका ऐच्छिक योजनेत आला. कायद्याचे बळ अजून त्याच्यामागे नाही.

आजच्या पाट्यांकडे वळू. यातले बरेच उपचार ‘प्राचीन भारतीय’ म्हणून सांगितले जातात आणि तसे नाहीत. रेकी मिकाओ उसुई यांनी १९२२च्या सुमारास जपानमध्ये सुरू केली आणि ती अमेरिकेच्या वळशाने आपल्याकडे आली. ॲक्युपंक्चर चीनचे, सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांसोबत १९३८च्या वैद्यकीय पथकात तिकडे गेलेले डॉ. विजयकुमार बसू यांनी ते पुढे भारतात आणले. कपिंग मात्र खरोखर जुने: आपला न्हावी शिंगाच्या तुंबड्या लावायचा, तेच आता काचेच्या पेल्यांनी होते, फक्त न्हाव्याचे नाव कुणी घेत नाही. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्राने २०१५चा स्वतंत्र कायदा करून परिषद नेमली. फिजिओथेरपीसारखे व्यवसाय २०२१च्या केंद्रीय कायद्याखाली आले. उरलेले बहुतेक मोकळे आहेत. आणि जे नोंदलेले आहेत त्यांचे काय? १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबईतले एक प्रकरण आले: नोंदणीकृत होमिओपॅथने तापाच्या रोग्याला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रोगी दगावला. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही ती वापरणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने म्हटले. माणूस नोंदवहीत होता. मोडली होती ती मर्यादा.

याचा अर्थ कायद्याला मर्यादा कळतच नाही असे नाही. १९५४च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कर्करोग, मधुमेह यांसारख्या ठरावीक रोगांवर इलाजाची जाहिरात करायलाच बंदी घातली, मग जाहिरात करणारा कुणीही असो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३मध्ये झालेल्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. हे दोन्ही कायदे ‘तू कोण’ असे न विचारता ‘तू काय म्हणतोस आणि कुणाला अडवतोस’ असे विचारतात. घरगुती उपचाराच्या नियमनाची योग्य दिशा हीच. यावर एक आक्षेप रास्त आहे: मर्यादेची भाषा बोलून डॉक्टरांच्या दुकानाला संरक्षण देता आणि घरातून चार पैसे मिळवणाऱ्या बाईच्या पोटावर पाय देता. शहाड-म्हारळकडे लोकल पकडून मुंबईला नोकरीला जाणे न जमणाऱ्या कितीतरी बायकांना घरातला एक पलंग आणि एका अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र हाच कमाईचा मार्ग आहे, हे खरे. पण मालीशवालीचे उदाहरण सांगते की मर्यादेने कमाई बुडत नाही. बुडते ती पाटीवर पंधरा रोग लिहिणाऱ्याची, आणि त्याची बुडायलाच हवी. महापालिका दुकानाला परवाना देताना जशी फलकाची अट घालते, तशी प्रत्येक उपचारगृहाला एक अट घालता येईल: इथे काय केले जात नाही, हे मराठीत, ठळक अक्षरांत, दारावर लिहा.

तोवर हे काम रोग्यालाच करावे लागेल. शहाडच्या कुठल्याही जिन्यात अशी पाटी दिसली आणि आत जावेसे वाटले, तर बसण्याआधी एवढेच विचारा: कुठल्या दुखण्याला तुम्ही हात लावत नाही, आणि त्या रोग्याला कुठे पाठवता? नीट उत्तर मिळाले तर खुशाल पाठ दाबून घ्या. ‘आमच्याकडे सगळ्यावर इलाज आहे’ असे उत्तर मिळाले, तर खाली उतरून रिक्षा करा. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, दोन्ही तिथून जवळच आहेत.